शबाची राणी इथिओपियात मकेदा कशी झाली

इ.स. १८७२ च्या ऑगस्ट महिन्यात इथिओपियाचा सम्राट चौथा योहान्नेस याने ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहून एक पुस्तक परत मागितले. ‘केब्रा नगस्त’ नावाच्या या पुस्तकात साऱ्या इथिओपियाचा कायदा आहे, त्यात अधिकाऱ्यांची, चर्चची आणि प्रांतांची नावे आहेत, ते कोणाकडे आहे याचा शोध करून मला पाठवावे, कारण त्यावाचून माझ्या देशातले लोक माझी आज्ञा मानणार नाहीत, असा त्या मागणीचा आशय होता. ही प्रत चार वर्षांपूर्वी, १८६८ साली, मगदलाच्या डोंगरी किल्ल्यावरून ब्रिटिश सैन्याने लुटून नेली होती आणि ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन पडली होती. या लुटीशी मुंबईचा थेट संबंध आहे. इथिओपियाचा तेव्हाचा सम्राट तेवोद्रोस याच्याविरुद्धच्या त्या मोहिमेचे नेतृत्व मुंबई लष्कराचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांनी केले, मोहिमेची जमवाजमव मुंबईत झाली, आणि हिंदी शिपायांबरोबर जड तोफा वाहून नेण्यासाठी ४४ हत्तीही मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर उतरवण्यात आले. पुस्तकाची मागणी मात्र मान्य झाली, आणि १८७२ च्या डिसेंबरात म्युझियमच्या विश्वस्तांनी ती प्रत परत पाठवली. त्याच किल्ल्यावरून आणलेल्या इतर असंख्य वस्तूंच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

एखाद्या राजाला राज्य चालवण्यासाठी सैन्य लागते, खजिना लागतो. पुस्तक नसेल तर प्रजा ऐकणार नाही, असे त्याला का वाटावे? त्या विशिष्ट प्रतीत जमिनींच्या आणि चर्चच्या नोंदी होत्या, हे त्याचे एक कारण. दुसरे आणि खोलवरचे कारण त्या पुस्तकाच्या मूळ विषयात आहे. ‘केब्रा नगस्त’ म्हणजे ‘राजांचे वैभव’, आणि त्याच्या केंद्रस्थानी मकेदा नावाची एक राणी आहे, जिला जग शबाची राणी म्हणून ओळखते. इथिओपियाच्या सम्राटाला राज्य करण्याचा अधिकार कुठून मिळाला, इथिओपियाच्या चर्चमध्ये सर्वांत पवित्र वस्तू कोणती, आणि या देशातले लोक स्वतःला देवाने निवडलेले का मानतात, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्या कथेत आहेत.

आधी हे पाहू की या कथेचे बीज किती लहान आहे. बायबलच्या जुन्या करारात, ‘१ राजे’ या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायाच्या आरंभीच्या तेरा वचनांत, शबाची राणी इस्राएलचा राजा शलमोन याची कीर्ती ऐकून कूटप्रश्नांनी त्याची परीक्षा घेण्यासाठी यरुशलेमला येते. तिच्याबरोबर सुगंधी द्रव्ये, सोने आणि रत्ने लादलेले उंट असतात. शलमोन तिच्या सर्व प्रश्नांची उत्तरे देतो, त्याचे शहाणपण आणि वैभव पाहून ती थक्क होते, त्याला १२० किक्कार (किक्कार हे एक प्राचीन वजन) सोने देते, आणि शलमोनानेही तिला तिने जे जे मागितले ते दिल्यावर ती आपल्या देशी परत जाते. ‘२ इतिहास’ या ग्रंथात हाच मजकूर थोड्या फरकाने पुन्हा येतो. राणीचे नाव काय, तिचा देश नेमका कुठे, तिला मूल झाले का, यांपैकी काहीही तिथे नाही. नव्या करारात येशू तिचा उल्लेख ‘दक्षिणेकडील राणी’ असा करतो आणि ती पृथ्वीच्या टोकापासून शलमोनाचे शहाणपण ऐकण्यास आली असे म्हणतो.

इतकी मोकळी जागा ठेवणारी गोष्ट कोणाला स्वस्थ बसू देत नाही. यहुदी परंपरेने तिच्याभोवती कोडी रचली आणि एक हुदहुद पक्षी तिच्या देशाची बातमी शलमोनाकडे आणतो असे सांगितले. कुराणाच्या सत्ताविसाव्या सूरेत हा हुदहुद पुन्हा भेटतो. तिथे राणी आणि तिची प्रजा सूर्याची उपासना करतात, आणि शलमोनाच्या महालातली काचेची फरशी पाणी समजून ती आपली वस्त्रे वर उचलते, मग चूक उमगल्यावर एकाच ईश्वरापुढे नतमस्तक होते. नंतरच्या मुस्लिम परंपरेत तिचे नाव बिल्किस असे रूढ झाले. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस याने तिला इजिप्त आणि इथिओपियाची राणी म्हटले आहे. बाहेरच्या जगातही या राणीला आफ्रिकेशी जोडणारी समजूत किती जुनी होती, ते यावरून दिसते.

इथिओपियाने या बीजातून जे उभे केले त्याला मात्र दुसरीकडे तोड नाही. ‘केब्रा नगस्त’ हा गेएझ या प्राचीन धर्मभाषेतला ११७ अध्यायांचा ग्रंथ आहे. तो आपल्यापुढे येतो तो चौथ्या शतकात निकेआ येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मसभेतील ३१८ धर्मपित्यांच्या चर्चेच्या रूपात. राजांचे वैभव नेमके कशात असते, हा त्या चर्चेचा विषय. या चौकटीत आदामापासून सुरू झालेली कथा हळूहळू दक्षिणेच्या राणीपर्यंत येते, आणि येथून ग्रंथाचा रंग पालटतो.

राणीच्या पदरी तामरिन नावाचा एक व्यापारी असतो. त्याच्याकडे ५२० उंट आणि ७३ जहाजे असतात. यरुशलेमचे मंदिर बांधण्यासाठी शलमोनाला लागणारे तांबूस सोने, कीड न लागणारे काळे लाकूड आणि नीलमणी घेऊन तो तिकडे जातो. परत आल्यावर तो राणीला सोन्याच्या हिशेबाऐवजी शलमोनाबद्दल सांगत राहतो: तो न्याय कसा करतो, चाकरांशी किती सौम्यपणे बोलतो, चुकलेल्याला कसे शिकवतो. रोज सकाळी तामरिन येतो आणि रोज ती ऐकते. शेवटी ती निघायचे ठरवते आणि ७९७ उंट लादले जातात. निघण्यापूर्वी ती आपल्या लोकांसमोर शहाणपणाच्या ओढीविषयी जे बोलते, तो मला या ग्रंथातील सर्वांत सुंदर भागांपैकी एक वाटतो. शहाणपण सोन्यारुप्याहून मोलाचे आहे, ते मधाहून गोड आणि सूर्याहून तेजस्वी आहे, आणि मी त्याच्या शोधात निघाले आहे, असे ती सांगते. येथे ती शलमोनाची परीक्षा घ्यायला निघालेली प्रतिस्पर्धी राहत नाही. ती शिकायला निघालेली आहे.

यरुशलेममध्ये ती रोज शलमोनाशी बोलते. एके दिवशी बोलता बोलता शलमोनाची नजर एका मजुरावर पडते. त्याच्या डोक्यावर दगड आहे, गळ्यात पाण्याचे भांडे लटकले आहे, कमरेला शिदोरी आणि वहाणा बांधल्या आहेत, हातांत लाकडे आहेत, आणि अंगातून घाम निथळतो आहे. शलमोन त्याला थांबवतो आणि राणीला विचारतो, की मी या माणसाहून श्रेष्ठ तो कशात? तोही माणूस, मीही माणूस. उद्या आम्ही दोघेही मातीला मिळणार. उलट कष्ट सोसण्यात तोच माझ्याहून बळकट. हे ऐकून राणी विचारते, की मग मी कोणाची उपासना करू? आमचे पूर्वज सूर्याला भजत आले, कारण तो अन्न शिजवतो, अंधार उजळतो आणि भीती घालवतो. शलमोन तिला सूर्य ज्याने निर्माण केला त्याच्याविषयी सांगतो, आणि तिथेच ती त्या एका देवाला भजण्याचा निश्चय करते. म्हणजे राणीचे धर्मांतर घडते ते एका घामाघूम मजुराच्या साक्षीने. दरबाराच्या झगमगाटाचा त्यात काही वाटा नाही. या परंपरेचा राजकीय अर्थ सांगणारे लोक हा प्रसंग बहुधा गाळतात, पण तो गाळला तर मकेदा इथिओपियाच्या चर्चला इतकी प्रिय का, ते उमगत नाही.

त्यानंतरचा प्रसंग सर्वाधिक प्रसिद्ध आहे. राणी परत निघायचे ठरवते तेव्हा शलमोन तिला शेवटची मेजवानी देतो. तिच्यासाठी मुद्दाम मिरीची आणि तिखट पक्वान्ने करवून घेतो, आंबट पेये ठेवतो. रात्री उशीर होतो आणि तो तिला महालातच राहण्याचा आग्रह करतो. ती म्हणते, की माझ्यावर बळजबरी करणार नाही अशी शपथ घे. तो शपथ घेतो, पण अट घालतो: तूही माझ्या घरातली कोणतीही वस्तू बळाने घेणार नाहीस अशी शपथ घे. राणीला हसू येते. माझ्या राज्यात काय कमी आहे, म्हणून मी तुझ्या वस्तू घेईन? दोघे एकाच दालनात आपापल्या शय्येवर झोपतात आणि मधे सेवक पाण्याचे भांडे ठेवून जातात. मध्यरात्री तिखटाने घसा कोरडा पडलेली राणी उठते, शलमोन झोपला आहे असे समजून पाण्याकडे हात नेते, आणि झोपेचे सोंग घेतलेला शलमोन तिचा हात धरतो. शपथ का मोडलीस, असे तो विचारतो. पाणी पिण्याने शपथ मोडते का, असे ती विचारते. आकाशाखाली पाण्याहून मोलाची वस्तू तू पाहिली आहेस का, असा त्याचा उलट प्रश्न. ती हार मानते, त्याला त्याच्या शपथेतून मोकळे करते आणि पाणी पिते.

आजच्या वाचकाला हा प्रसंग खुपतो आणि खुपलाच पाहिजे. शलमोनाने ठरवून रचलेला हा सापळा आहे, आणि त्याला कपटच म्हणायला हवे. ग्रंथ मात्र शलमोनाचा हेतू वेगळा सांगतो: देशोदेशी आपली संतती राज्य करावी आणि मूर्तिपूजा संपावी, अशी त्याची इच्छा होती. शिवाय त्याच रात्री शलमोनाला स्वप्न पडते. इस्राएलवर तळपणारा तेजस्वी सूर्य तिथून निघून इथिओपियाच्या आकाशात जातो आणि तिथेच कायमचा प्रकाशत राहतो. शपथ जिंकणारा शलमोन त्या रात्रीच सर्वांत मोठी गोष्ट हरतो, अशी या कथेची रचना आहे.

निरोप देताना शलमोन तिला खूण म्हणून अंगठी देतो. नऊ महिने आणि पाच दिवसांनी, परतीच्या वाटेवर, तिला मुलगा होतो. ग्रंथात त्याचे नाव बैन-लेहकेम, म्हणजे ‘शहाण्याचा पुत्र’. लोकांच्या तोंडी मात्र तो मेनेलिक. बावीस वर्षांचा झाल्यावर तो ती अंगठी घेऊन बापाला भेटायला यरुशलेमला जातो. त्याचा चेहरा शलमोनाचा बाप दावीद राजा याच्याशी इतका मिळताजुळता असतो, की लोक चकित होतात. शलमोन त्याला तिथेच ठेवून घेऊ पाहतो, पण तो आईकडे परत जाण्यावर ठाम राहतो. तेव्हा शलमोन त्याला अभिषेक करून दावीद हे नाव देतो आणि आपल्या सरदारांचे ज्येष्ठ पुत्र त्याच्याबरोबर पाठवतो.

या तरुणांना घर सुटण्याचे दुःख आहे, पण त्याहून मोठे दुःख आहे ते कराराच्या कोशापासून दूर जाण्याचे. कराराचा कोश म्हणजे मोशेला सीनाय पर्वतावर मिळालेल्या दहा आज्ञांच्या दगडी पाट्या जिच्यात ठेवल्या होत्या ती बाभळीच्या लाकडाची, सोन्याने मढवलेली पेटी. देवाचे पृथ्वीवरील आसनच. मुख्य याजक सादोक याचा मुलगा अजऱ्या पुढाकार घेतो. सगळे वर्गणी काढून कोशाच्या मापाची लाकडी चौकट बनवून घेतात. देवदूत अजऱ्याला झोपेतून उठवतो, मंदिराची दारे आपोआप उघडी सापडतात, खरा कोश बाहेर येतो आणि त्याच्या जागी फळ्या ठेवून वर वस्त्र पांघरले जाते. मेनेलिकला यातले काही ठाऊक नसते. काफिला निघतो तेव्हा मीखाएल देवदूत पुढे चालत असतो, गाड्या जमिनीपासून हातभर वर उचलल्या जातात, आणि तांबडा समुद्र ते असेच ओलांडतात. वाटेत मेनेलिकला सत्य सांगतात तेव्हा तो आनंदाने नाचतो, कोशापुढे त्याचा पूर्वज दावीद नाचला होता तसा. इकडे सादोक मंदिरात जाऊन पाहतो तो फळ्या. शलमोन पाठलाग करतो, इजिप्तपर्यंत येतो, आणि ते पंख लाभल्यासारखे केव्हाच पुढे गेल्याचे कळल्यावर रडतो. अखेर ही गोष्ट परराष्ट्रांना कळू द्यायची नाही, असे ठरवून तो परत फिरतो.

बाहेरून पाहणाऱ्याला ही चोरी दिसते. इथिओपियाची परंपरा तिला कोशाची इच्छा मानते: कोशाला जायचे नसते तर जगातल्या कोणत्याही माणसाला तो हलवता आला नसता. इस्राएलच्या लोकांनी देवाशी केलेला करार पाळला नाही, म्हणून कोश आपणहून नव्या घरी आला, आणि त्याबरोबर निवडलेपणही इथिओपियाकडे आले. ग्रंथात कोशाला ‘सियोन’ म्हटले आहे आणि हेच नाव येशूची माता मरियम हिलाही लागते, कारण जसा कोशाने देवाचा शब्द वाहिला तसाच तिने आपल्या उदरात वाहिला, असे तेथील धर्मविचार सांगतो. उत्तर इथिओपियातल्या अक्सुम या प्राचीन राजधानीतील ज्या चर्चच्या आवारात कोश ठेवला आहे अशी श्रद्धा आहे, त्याचे नाव म्हणूनच ‘मरियम सियोन’ असे आहे.

आता हा ग्रंथ केव्हाचा? सध्याच्या स्वरूपात तो चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सम्राट अम्दा सियोन (१३१४–१३४४) याच्या काळात तयार झाला. अक्सुमचा धर्माधिकारी इसहाक याने सहकाऱ्यांसह तो गेएझमध्ये आणला. ग्रंथाच्या अखेरच्या निवेदनात म्हटले आहे, की तो आधी कॉप्टिक या इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या भाषेत होता, इ.स. १२२५ मध्ये अरबीत आला, पण त्या वेळी गेएझमध्ये आणला गेला नाही, कारण तेव्हा झाग्वे राजांची सत्ता होती, आणि जे इस्राएली वंशाचे नाहीत त्यांनी राज्य करणे म्हणजे नियमभंग, असे हा ग्रंथ सांगतो. याचा संदर्भ असा. लालिबेलाची खडकात कोरलेली विख्यात चर्च ज्यांच्या काळात घडली ते झाग्वे घराणे इ.स. १२७० मध्ये येकुनो अम्लाक याने उलथून टाकले आणि आपण शलमोन-मेनेलिकाचे वंशज असून आपला हक्काचा वारसा परत घेतला, असा त्याच्या घराण्याचा दावा होता. ‘केब्रा नगस्त’ने त्या दाव्याला धर्मग्रंथाचे बळ दिले.

यावरून अनेक जण निष्कर्ष काढतात, की नव्या राजघराण्याने आपल्या सोयीसाठी ही कथा रचून घेतली. मला हा निष्कर्ष उथळ वाटतो. तेराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे येकुनो अम्लाकच्या आधी, इजिप्तमधील एका अरबी ग्रंथात हबश, म्हणजे इथिओपियाच्या, लोकांकडे कराराचा कोश असल्याची आणि दावीदाच्या कुळातले म्हणवणारे लोक त्याची सेवा करत असल्याची नोंद सापडते. शिवाय ग्रंथाच्या शेवटच्या भागात सहाव्या शतकातला अक्सुमचा राजा कालेब आणि रोमचा सम्राट यांनी यरुशलेममध्ये भेटून पृथ्वी वाटून घेतल्याची कथा आहे, आणि तिच्यात त्या काळच्या राजकारणाची आठवण उतरली आहे. इसहाकाने आधीपासून फिरत असलेल्या कथा एका सूत्रात ओवल्या, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. चौथ्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत इथिओपियाच्या चर्चचा प्रमुख धर्मगुरू इजिप्तमधून पाठवला जाई. पहिला इथिओपियन प्रमुख १९५१ साली नेमला गेला. धर्मगुरू परदेशातून येत असताना ‘आमचा सियोन आमच्याच घरी आहे’ असे म्हणता येणे, हा केवढा मोठा आधार होता, हे त्यावरून लक्षात येईल.

याच ग्रंथात एक गाठ आहे, जी मला कायम बोचते. मेनेलिक परत आल्यावर मकेदा स्वतःहून सिंहासन त्याच्या हाती देते आणि सरदारांना शपथ घ्यायला लावते, की यापुढे इथिओपियावर कोणतीही स्त्री राज्य करणार नाही, फक्त दावीदाच्या वंशातले पुरुषच करतील. ज्या राणीच्या शहाणपणाने वंश सुरू झाला, तिच्याच तोंडून राण्यांची परंपरा बंद करण्यात आली आहे. प्रत्यक्षात राजमातांनी आणि सम्राज्ञींनी पुढे कित्येकदा कारभार हाती घेतला, आणि १९१६ मध्ये दुसऱ्या मेनेलिकची मुलगी झौदितु सिंहासनावर बसली. तेव्हाही कारभार पाहायला राजप्रतिनिधी आणि वारस म्हणून रास तफारी यांना नेमण्यात आले, जे पुढे १९३० मध्ये हैले सेलासी या नावाने सम्राट झाले.

स्त्रीच्या सत्तेविषयीची ही भीती आणखी एका राणीच्या दंतकथेत दिसते. दहाव्या शतकात योदित किंवा गुदित नावाच्या राणीने अक्सुमवर चालून येऊन चर्च जाळली, राजवंशातल्या लोकांची कत्तल केली आणि वर्षानुवर्षे राज्य केले, असे परंपरा सांगते. तिला कोणी यहुदी म्हणतात, कोणी मूर्तिपूजक. त्या काळचा अरब भूगोलज्ञ इब्न हौकल यानेही हबश देशावर एका स्त्रीची सत्ता असल्याचे लिहिले आहे, त्यामुळे कथेच्या मुळाशी काही घडलेले असावे. अक्सुमच्या पडझडीचे खापर मात्र जवळजवळ सगळे तिच्याच माथी फुटले. एक राणी कोश आणणाऱ्या वंशाची आई, दुसरी त्याच कोशाच्या नगरीचा विध्वंस करणारी, अशी ही जोडी तेथील लोकस्मृतीत समोरासमोर उभी आहे.

ग्रंथाबाहेर, तिग्राय प्रांताच्या गावागावांत, मकेदा वेगळीच भेटते. तिथे तिला ‘एतेये अझेब’, म्हणजे दक्षिणेची राणी, म्हणतात, आणि सुरुवातीला ती राणी नसतेच. एक अजस्र सर्प लोकांकडून प्रत्येक घरची थोरली मुलगी भक्ष्य म्हणून मागत असतो. तिची पाळी येते आणि तिला झाडाला बांधले जाते. त्याच झाडाच्या सावलीत सात संत येऊन बसतात. वरून त्यांच्या अंगावर थेंब पडतो, आणि तो तिच्या डोळ्यांतला अश्रू आहे हे त्यांना कळते. ते सर्पाला मारतात, पण त्याचे रक्त तिच्या टाचेवर उडते आणि पाऊल गाढवाच्या खुरासारखे होते. लोक तिला आपली राणी करतात, आणि पुढे शलमोनाच्या महालाचा उंबरठा ओलांडताच तिचे पाऊल बरे होते. हे संत आहेत पाचव्या-सहाव्या शतकांत आलेले ख्रिस्ती साधू, आणि शलमोनाचा काळ त्यांच्याआधी सुमारे दीड हजार वर्षांचा. लोककथेला या अंतराची पर्वा नाही. गाढवासारख्या पायाची अफवा अरबी कथांतही आहे, पण तिथे ती राणीची मानहानी करते. तिग्रायच्या कथेत ती एका मुलीने सोसलेल्या संकटाची खूण होते. लोककथेत आणखी एक स्त्री आहे, राणीची दासी. तीही त्या रात्री पाणी पिते, तिलाही शलमोनापासून मुलगा होतो, आणि झाग्वे राजे त्या मुलाचे वंशज, असे सांगितले जाते. इथिओपियन चित्रकार कापडावर चौकटी पाडून ही सगळी कथा क्रमाने रंगवतात, सर्पापासून अभिषेकापर्यंत, आणि ती दासी त्यात न चुकता असते.

हे सर्व इतिहासाच्या कसोटीवर कितपत उतरते? शबा किंवा सबा हे राज्य दक्षिण अरबस्तानात, आजच्या येमेनमध्ये, मारिबच्या परिसरात होते, याला शिलालेखांचा भक्कम पुरावा आहे. शलमोनाच्या काळातल्या कोणत्याही राणीचे नाव मात्र तिथल्या शिलालेखांत नाही. तांबड्या समुद्राच्या अलीकडे, तिग्रायमधल्या येहा येथे, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपास बांधलेले दगडी मंदिर आजही उभे आहे. ते सबाच्या अल्मकह या देवाचे, आणि तिथली लिपीही सबाची. म्हणजे दोन्ही किनाऱ्यांवर एकच संस्कृती पसरली होती, हे खरे आहे, आणि ‘ती येमेनची की इथिओपियाची’ हा वाद त्या काळच्या माणसांना कदाचित समजलाही नसता. अक्सुमजवळच्या ज्या वाड्याला लोक शबाच्या राणीचा राजवाडा म्हणतात, तो मात्र तिच्या मानलेल्या काळानंतर दीडएक हजार वर्षांनी बांधलेला आहे. कोशाबद्दल इतिहासाला इतकेच सांगता येते, की बाबेलच्या सैन्याने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी यरुशलेमचे मंदिर पाडले, आणि त्यानंतर त्याचा ठावठिकाणा तिथे लागत नाही.

श्रद्धेच्या जगात कोश अक्सुममध्येच आहे. मरियम सियोन चर्चच्या आवारातल्या छोट्या प्रार्थनागृहात एकच साधू त्याची राखण करतो. तो आजन्म नेमलेला असतो, आवार सोडत नाही, आणि त्याच्याखेरीज कोणीही कोश पाहत नाही. इथिओपियाच्या प्रत्येक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ‘ताबोत’ असतो, म्हणजे कोशाची किंवा त्यातल्या पाट्यांची पवित्र प्रतिकृती. ताबोत नसेल तर ती इमारत चर्च ठरतच नाही. जानेवारीत येशूच्या बाप्तिस्म्याच्या तिमकत सणाला हे ताबोत जरीच्या वस्त्रांत गुंडाळून धर्मगुरू डोक्यावर घेतात, ढोल वाजतात, पांढरी वस्त्रे नेसलेले हजारो लोक मागोमाग चालतात. पण उघडा ताबोत सामान्य माणसाच्या नजरेस कधी पडत नाही. मगदलाहून गेलेले ११ ताबोत आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि त्यांचे पावित्र्य लक्षात घेऊन तिथल्या कर्मचाऱ्यांनाही ते पाहू दिले जात नाहीत. रविवारबरोबर शनिवारही पाळणे, मुलग्यांची आठव्या दिवशी सुंता करणे, डुकराचे मांस वर्ज्य मानणे, अशा चालीरीती इथिओपियाचे ख्रिस्ती लोक पाळतात, आणि त्या मेनेलिकबरोबर आलेल्या इस्राएली पुत्रांपासून चालत आल्या, असे त्यांचे सांगणे आहे.

मराठी मुलखाला हबश लोक परके नाहीत. मलिक अंबर ज्या देशात जन्मला तो हाच. पण त्याला लहान वयात गुलाम म्हणून विकले गेले आणि तो मुसलमान होऊन दख्खनमध्ये आला, त्यामुळे मकेदाची ही ख्रिस्ती कथा इकडे त्याच्याबरोबर आली नाही.

विसाव्या शतकात या कथेला कायद्याचे रूप मिळाले. १९५५ च्या राज्यघटनेने स्पष्ट लिहिले, की हैले सेलासी यांचा वंश इथिओपियाची राणी, म्हणजेच शबाची राणी, आणि यरुशलेमचा राजा शलमोन यांचा पुत्र पहिला मेनेलिक याच्यापासून अखंड चालत आला आहे. सम्राट स्वतःला त्या परंपरेतला २२५ वा राजा मानत. सप्टेंबर १९७४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना पदच्युत केले आणि त्या कलमाचा आधार संपला. कथा मात्र तोपर्यंत राजवाड्याबाहेर दूर गेली होती. जमैकात रास्ताफारी पंथाने रास तफारी या नावावरूनच आपले नाव घेतले आणि हैले सेलासींमध्ये दावीदाच्या वंशातला ‘यहूदाचा सिंह’ पाहिला. इथिओपियातल्या बेता इस्राएल या यहुदी समाजातही मेनेलिकबरोबर आलेल्या इस्राएलींपासून आपली उत्पत्ती सांगणारी परंपरा आहे. १९७३ मध्ये इस्राएलच्या प्रमुख धर्मगुरूंनी त्यांना यहुदी म्हणून मान्यता दिली, ती मात्र ते प्राचीन इस्राएलच्या बारा वंशांपैकी दान या हरवलेल्या वंशाचे आहेत असे मानून. १९९१ च्या मे महिन्यात त्यांच्यापैकी चौदा हजारांहून अधिक लोकांना दीड दिवसात विमानांनी इस्राएलला नेण्यात आले, आणि इस्राएल सरकारने त्या मोहिमेला नाव दिले होते ‘ऑपरेशन शलमोन’.